दुसऱ्यांचे दात

टाळेबंदी जाहीर झाली त्या संध्याकाळी कवळीवाल्यांच्या घरात, त्यांचे स्वतःचे धरून, बारा माणसांचे दात होते आणि माणूस मात्र एकच.

कवळीवाले तीन दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचे. दंतवैद्य तोंडांची मापं पाठवायचे, कवळीवाले मागच्या खोलीत बसून त्या मापांचे साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. तीस वर्षांत हजारो माणसं त्यांच्या दातांनी जेवली होती, पण त्यातलं एकही तोंड त्यांनी समोरासमोर पाहिलं नव्हतं. माणसांचं खातं बायकोकडे होतं. फोन तीच घ्यायची, वही तीच ठेवायची, आणि तयार कवळ्या डब्यांत घालून फळीवर ओळीनं तीच मांडायची. त्या फळीबाबत घरात एकच कायदा होता : "माझ्या फळीला हात लावायचा नाही."

बायको दहा दिवसांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. रविवारी परतायची होती. शनिवारी गाड्या बंद झाल्या.

"दोन आठवड्यांचा प्रश्न आहे," ती फोनवर म्हणाली. "जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

"जेवण."

"अहो, जेवण म्हणजे काय... थांबा, बाळ उठलं. ठेवते हं!"

फोन ठेवल्यावर कवळीवाल्यांना आठवलं की बाळाचं नाक कोणावर गेलंय ते विचारायचं राहिलं. कालही राहिलं होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि दोघांची बोलणी बहुतेक "वरची झाली का?" आणि "खालची उद्या" एवढ्यावरच भागत आली होती. आता वरचीही नव्हती आणि खालचीही नव्हती, तेव्हा बोलायचं काय, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

पहिल्या दिवशी त्यांनी घर झाडलं. दुसऱ्या दिवशी झाडलेलं घर पुन्हा झाडलं. जेवण उभ्यानंच उरकलं, कारण एका माणसासाठी टेबलावर बसायचं म्हणजे उगाच समारंभ केल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरचा आवाज इतका कमी झाला की स्वयंपाकघरातला गळका नळ त्यांना शेजाऱ्यासारखा वाटू लागला. रिकामं मन कुठे कुठे जातं! चौथ्या दिवशी ते फळीपाशी गेलं.

फळी धुळीनं भरली होती. कवळीवाल्यांनी सगळे डबे उतरवले, पुसले, फळी ओल्या फडक्यानं स्वच्छ केली आणि डबे आकारानं लहानमोठे लावून टाकले. काम इतकं छान झालं की त्यांनी दोन पावलं मागे जाऊन ते पाहिलं. मग त्यांना दिसलं, की बायकोनं चिठ्ठ्या डब्यांवर चिकटवल्याच नव्हत्या. त्या फळीच्या कडेला चिकटवल्या होत्या. "चिडके आजोबा", "घाईवाले", "डॉक्टरांच्या सासूबाई", "नंतर बघू", "शाळेच्या बाई". चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. डबे मात्र गावभर झाले होते.

"ती येईपर्यंत कोण विचारतंय?" असं ते स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे हे सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"हॅलो, माफे दात तुमच्याकडे आहेत!"

"कोण बोलतंय?"

"मी फाळेतली!"

"फाळे? फाळे कोण?"

"फाळे नाही हो! फाळा! मुलं फिकतात ती! मी निवृत्त फिक्षिका!"

डोक्यात प्रकाश पडायला कवळीवाल्यांना जरा वेळ लागला. बाईंचे डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून गावी गेले होते, पण जाताना त्यांनी कवळीवाल्यांचा नंबर देऊन ठेवला होता. बाई तीन गल्ल्या सोडून राहत होत्या. जुने दात महिन्यापूर्वी काढून झाले होते, नवी कवळी याच आठवड्यात मिळायची होती.

"बाई, सगळं बंद आहे. जरा कळ काढा," कवळीवाले म्हणाले. "मऊ भात खा थोडे दिवस."

"खाण्याफाठी कोण रडतंय?" बाई म्हणाल्या, आणि मग एकेक शब्द सावकाश जुळवत त्यांनी जे सांगितलं ते असं : बाईंच्या यजमानांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णालयानं भेटायला येणं बंद केलं. रोज दुपारी चार वाजता नर्स त्यांच्या कानाला फोन लावून देते, पाच मिनिटं. पण यजमान जन्मभर बँकेत रोखपाल होते आणि निवृत्त झाल्यापासून भामट्यांच्या फोनांचा त्यांनी धसका घेतलेला. घरी निदान चेहरा समोर असायचा, फोनवर नुसता बोळक्या तोंडाचा आवाज. बाई म्हणतात, "मी बोलतेय," तर ते म्हणतात, "ओटीपी देणार नाही," आणि फोन बंद करतात. चार दिवस हेच चाललं होतं.

"त्यांना वाटतं, मी त्यांना विफरले," बाई म्हणाल्या. "नर्फ फांगते, फारखे दाराकडे बघत बफतात."

कवळीवाल्यांनी रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा त्यांना तीस वर्षांत प्रथमच एका कवळीची घाई झाली होती.

फळीवरच्या अकरा डब्यांतल्या सहा कवळ्या दुरुस्तीच्या, वापरलेल्या. त्या बाजूला गेल्या. राहिल्या कोऱ्या पाच. एकाही तोंडात न गेलेल्या. त्यांनी बायकोला फोन लावला.

"शाळेच्या बाईंची कवळी कोणती?"

"डावीकडून दुसरी."

"आणि समजा... डावं जरा हललं असेल तर?"

पलीकडे बाळसुद्धा गप्प झालं.

"तुम्ही फळी पुसलीत," बायको म्हणाली.

"धूळ फार होती गं."

"एकतीस वर्षं एक चमचा कधी जागेवर ठेवला नाहीत, आणि पुसायला फळी सापडली! आता मी इथून कशी ओळखू? मला डबे माहीत, आतले दात तुम्हाला माहीत!"

ते खरंच होतं. संसाराची विभागणीच तशी होती.

कवळीवाल्यांनी पाचही कवळ्या टेबलावर मांडल्या. शाळेच्या बाई म्हणजे भारदस्त, त्यांचे दात भारदस्त असणार, असा विचार करून त्यांनी सगळ्यात रुंद जबडा उचलला, उकळलेल्या पाण्यानं डबा धुतला आणि साडेतीनला बाहेर पडले. पाच दिवसांनी पायात बूट घातले होते. ते जरा घट्ट वाटले.

कोपऱ्यावर पोलिसानं अडवलं.

"काका, कुठे?"

"दात द्यायला चाललोय."

"कोणाचे?"

"तेच नक्की माहीत नाही," कवळीवाले म्हणाले. ते स्वभावानं खरं बोलणारे होते.

पोलिसानं डबा उघडायला लावला, आत पाहिलं आणि पटकन मिटायला लावला. त्यानं आजवर औषधं, दूध, किराणा अशी सगळी कारणं ऐकली होती. हे नवीन होतं. "अर्ध्या तासात परत या," तो म्हणाला.

बाई दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभ्या होत्या. शिडशिडीत, ताठ, तोंडावर रुमाल. त्यांनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, डबा वर गेला, बाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड मिटत नव्हतं.

"हे माझे नाहीत!" खालची कवळी हातानं धरून बाई ओरडल्या. समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली. तिच्या वरचीही उघडली. सगळा रस्ता इतके दिवस ओस पडलेला, तिथे निदान हे तरी घडत होतं.

"उद्या बरोबर आणतो!" कवळीवाल्यांनी मान वर करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यात नाजूक कवळी नेली. ती इतकी नाजूक निघाली की बाईंनी "नको" म्हटल्याबरोबर ती तोंडातून सुटली आणि टोपलीतच येऊन पडली. समोरच्या खिडकीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्या दिशेला असं पाहिलं की टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

परत येताना पोलिसानं विचारलं, "काय काका, बसले का?"

"नाही."

"एकूण किती आहेत?"

"अजून तीन."

"मग एकदम का नाही नेत सगळे?"

कवळीवाल्यांकडे उत्तर होतं, पण ते पोलिसाला सांगण्यासारखं नव्हतं. साडेतीनला बूट घालायचे, कोपऱ्यावर कोणीतरी "काय काका" म्हणायचं, मग मान वर करून दोन मिनिटं बोलायचं, आणि रात्री बायकोचा फोन. कारण आता बायकोचा फोन रोज यायचा, आणि ती "ठेवते हं" म्हणत नव्हती. "मग? बसली का? बाई काय म्हणाल्या?" असं विचारत होती. मुलगी आणि जावईही स्पीकरवर ऐकत होते. टाळ्यांची गोष्ट ऐकून बायको हसली तेव्हा कवळीवाल्यांना वाटलं, हे हसणं आपण बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. की ती हसत होती आणि आपलं पॉलिशचं यंत्र चालू होतं?

घरी पोहोचेपर्यंत त्यांना स्वतःची लाज वाटली. तिकडे एक म्हातारा माणूस दाराकडे बघत बसलाय, आणि आपण दात पुरवून पुरवून नेतोय! तिसऱ्या दिवशी ते तिन्ही डबे घेऊन गेले.

पहिला डबा वर गेला. नाही. दुसरा वर गेला. बाई आत गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत. आल्या त्या तोंड नीट मिटून. स्पष्ट, खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "बसतात छान. पण हे माझे नाहीत."

"बसतात तर घ्या ना बाई!"

"दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे! चांगले बसतात म्हणून काय ठेवून घ्यायचे?"

"पण कशावरून तुमचे नाहीत?"

"मला माझे कळणार नाहीत?" बाईंनी विचारलं. तो प्रश्न चाळीस वर्षं वर्गात विचारलेला होता. कवळीवाल्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. वर्गात ते पहिल्यापासूनच शेवटच्या बाकावर बसत.

तिसरा डबाही परत आला. आता मात्र चारही बाजूंनी अंधार. पाच कवळ्या, पाचही दुसऱ्यांच्या. म्हणजे बाईंची कवळी गेली कुठे?

"माझ्या फळीवरून काही हरवत नाही," बायको रात्री ठामपणे म्हणाली. "तुमच्या हातून हरवेल. बाईंना माझा नंबर द्या. तुम्ही दोघं फक्त ओरडताय एकमेकांवर. मी बोलते त्यांच्याशी नीट."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच बायकोचा फोन आला. आवाजात ती जरब होती जी फार वर्षांपूर्वी, कवळीवाल्यांनी तिच्या भावाच्या लग्नात चुकून दुसऱ्याचे बूट घालून घरी आणले होते तेव्हा होती.

"मला एक सांगा. बाईंच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिलं होतं?"

"कुठल्या चिठ्ठीवर?"

"पुढच्या दोन दातांत फट ठेवा, असं."

कवळीवाल्यांना आठवलं. तशी चिठ्ठी आली होती. त्यांनी फट ठेवलीही होती. मग पॉलिश करताना ती त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. इतकी सुंदर कवळी, मोत्यांसारखी ओळ, आणि मधोमध भोक? डॉक्टरांनी घाईत काहीतरी खरडलं असणार, असं ठरवून त्यांनी ती फट बुजवून टाकली होती. वर मनाशी म्हणालेही होते, "कोण कुठली बाई, पण आरशात बघून दुवा देईल."

"अहो, ऐकताय ना? लहानपणापासून त्यांच्या दातांत फट आहे. त्या फटीतून त्यांचा 'स' जरा शिट्टीसारखा येतो. त्यांचे यजमान आवाज एक वेळ विसरतील, पण ती शिट्टी नाही विसरायचे. म्हणून मुद्दाम मागून घेतली होती त्यांनी. जी बसते म्हणाल्या ना, तीच त्यांची!"

"मी सुधारली ती," कवळीवाले पुटपुटले.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं सुधारायला?"

कवळीवाल्यांनी चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला आणि बारीक कानस घेतली. स्वतःच्या हातानं केलेलं काम बिघडवायचं होतं. त्यांनी दोनदा कानस खाली ठेवली. मग दातांच्या मधोमध एक रेघ, रेघेची चीर, चिरेची फट. नखभर. तोंडाजवळ धरून फुंकर मारली. बारीक शीळ आली. दुपारी तीनपर्यंत त्यांनी ती निदान वीस वेळा ऐकली.

साडेतीनला पोलिसानं हात उंचावून विचारलं, "काका, आज किती?"

"एक. आणि ती त्यांचीच आहे."

"नक्की?"

"मीच बिघडवली होती."

टोपली वर गेली. खिडक्या आधीच उघड्या होत्या. बाई आत गेल्या, बाहेर आल्या, आणि पहिल्यांदाच रुमाल बाजूला करून हसल्या. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात. इथे दात दिसले आणि मधली फटही दिसली. कवळीवाले गडबडले. आपण बनवलेले दात हसताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते. आणि फट अजिबात वाईट दिसत नव्हती. उलट, तिच्याशिवाय तो चेहरा कसा दिसला असता, हे त्यांना आता सुचेना.

चार वाजले. बाईंनी फोन कठड्यावर ठेवला, स्पीकर लावला.

"कोण?" फोनमधून खरखरीत आवाज आला. "ओटीपी मिळणार नाही."

"अहो, मी. सकाळपासून सगळं सुरळीत आहे ना? सूप सोसलं का?"

सगळी गल्ली श्वास धरून उभी होती.

"सूप बेचव असतं," आवाज म्हणाला. आणि मग, बऱ्याच खालच्या पट्टीत, "होतीस कुठे इतके दिवस? एक बाई रोज चार वाजता फोन करून छळायची मला. नुसती फ फ करायची. मी दाद नाही दिली."

"शहाणे आहात," बाई म्हणाल्या, आणि स्पीकर बंद करून, पाठ फिरवून आत गेल्या. खिडक्याही एकेक करून मिटल्या. कवळीवाले थोडा वेळ रिकाम्या टोपलीखाली उभे राहिले. मग घरी आले.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला त्यांनी सवयीनं बूट घातले. कुठेच जायचं नाही हे लेस बांधून झाल्यावर लक्षात आलं. मग ते तसेच, बुटांसकट, साडेचारपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

रात्री फोन आला. बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, मुलगी आणि जावई शेजारी. "हं, सांगा! काल फोन लागला नाही तुमचा. मग, बसली का?"

आता "हो" म्हटलं की झालं. मग "जेवलात का?", "काय जेवलात?" आणि "ठेवते हं." कवळीवाल्यांनी गळक्या नळाकडे पाहिलं. जन्मात फळीखेरीज कशाबद्दलही खोटं न बोललेला तो माणूस म्हणाला, "वरची बसली. खालची जरा डुगडुगते."

"अरेरे!" जावई म्हणाला. "मग?"

मग काय! दुसऱ्या दिवशी खालची घट्ट झाली पण वरची टोचू लागली. तिसऱ्या दिवशी टोपलीची दोरी तुटली आणि डबा पोलिसाच्या टोपीवर पडला. चौथ्या दिवशी समोरच्या खिडकीतल्या माणसानं "ती कवळी माझीच आहे" म्हणून दावा लावला. कवळीवाल्यांना स्वतःचंच नवल वाटत होतं. दिवसभर भांडी घासताना ते रात्रीचं कथानक जुळवत. जेवायलाही बसत, कारण उभ्यानं नीट सुचत नसे.

पाचव्या रात्री दाव्याचा निकाल चालू असताना बायको मध्येच म्हणाली, "एक मिनिट हं," आणि पलीकडचे आवाज दूर गेले. दार लोटल्याचा आवाज आला. ती गॅलरीत आली असावी.

"अहो," ती म्हणाली. "शाळेच्या बाईंचा मला फोन आला होता. दात बसले त्याच संध्याकाळी. आभार मानत होत्या. रडल्यासुद्धा थोडं."

कवळीवाल्यांची दातखीळ बसली. सहा दिवसांपूर्वी बाईंच्या बाल्कनीखाली गेले होते तसे त्यांचे हात पुन्हा पाठीमागे गेले, त्यामुळे फोन कानापासून लांब गेला आणि तो घाईघाईनं परत आणावा लागला.

"म्हणजे तुला... पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

फोनवर वारा ऐकू येत होता. बायको थकलेली असावी. लेकीच्या घरातही माणूस दिवसभर उभंच असतं, हे कवळीवाल्यांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं.

"बाळ झोपलंय आता," ती म्हणाली. "थांबा, खुर्ची ओढून घेते. हं. त्या खिडकीतल्या माणसाचं पुढे काय झालं?"